गोळी, मीठ आणि चौविहार

परळचे के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या मालमत्तेतून मिळालेल्या देणगीवर हे महाविद्यालय उभे राहिले. देणगीबरोबर अट अशी होती की, तेथे शिकविणारे डॉक्टर भारतीयच असावेत. व्यापाऱ्याच्या पैशाने आणि त्या एका अटीने किती मोठे काम होऊ शकते, याचे उदाहरण पुढे तेवीस वर्षांनी दिसले. याच रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील उपचाराचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांचे औषध होते सर्पगंधेची मुळी.

त्या काळी या विकारावर विश्रांती, अळणी आहार किंवा नसा तोडण्याची अवघड शस्त्रक्रिया यांपलीकडे फारसे काही हाती नव्हते. सर्पगंधेचा गुण आपल्या वैद्यांना ठाऊक होता. कोलकात्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच त्यावर लिहिले होते. डॉ. वकिलांनी रुग्णांचा दाब पुन्हा पुन्हा मोजला, आकडे नोंदविले आणि ते जगापुढे मांडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

या कथेचा उत्तरार्ध मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. रेसरपिनने दाब उतरे, पण काही रुग्णांना सुस्ती येई, नाक चोंदे आणि कित्येकांचे मन विलक्षण खिन्न होई. अधिक सुसह्य औषधे आल्यावर ते मागे पडले. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही’ आणि ‘इंग्रजी गोळी गरम पडते’ ही दोन्ही वाक्ये आपल्या घरांत सहज बोलली जातात. सर्पगंधेचा इतिहास त्यांतील पहिल्याला तरी आधार देत नाही.

मुंबई महानगरपालिकेने २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने केलेल्या पाहणीत १८ ते ६९ या वयोगटातील सुमारे ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. म्हणजे गिरगावातील असो वा लालबागमधील, कोणत्याही इमारतीत दर तीन प्रौढांमागे साधारण एक. यांतील पुष्कळांना काहीच जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, पेढीवरचे काम थांबत नाही. एके दिवशी थेट पक्षाघात होतो किंवा मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचे तपासणीत कळते.

सर्वांत घातक चूक होते ती गोळी सुरू झाल्यानंतर. महिन्या-दोन महिन्यांनी दाब १२८ वर ८० येतो आणि ‘आता बरे झाले’ म्हणून गोळी बंद केली जाते. तो आकडा गोळी चालू असल्यामुळेच आलेला असतो. वजन उतरले, मीठ कमी झाले, तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, पण तो निर्णय मोजमाप पाहून व्हावा. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन यांसारखी औषधे अचानक थांबविल्यास दाब एकदम उसळू शकतो किंवा हृदयावर ताण येऊ शकतो.

आता स्वयंपाकघराकडे वळू. आपल्या घरांत मांस-मद्य नाही, म्हणून आहार आपोआप निर्दोष आहे, असा समज असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. सपाट चहाच्या चमच्याहून थोडे कमीच. पापड, लोणचे, मसाला खाकरा, गाठिया, लालबागच्या चिवडा गल्लीतून आलेली पुडी, यांतूनच त्यातले बरेचसे मीठ पोटात जाते. वरणभाताची पाळी त्यानंतर येते. पापडखार आणि ढोकळ्यातला सोडा चवीला खारट लागत नाहीत, पण त्यांतही सोडियमच असते. सैंधवाचेही तेच, उपवासाला चालते म्हणून ते दाबाला चालते असे नाही. शिवाय तिथीच्या दिवशी व पर्युषणात हिरवी भाजी वर्ज्य झाली की ताटात तिची जागा पापडाची भाजी किंवा शेवेची भाजी घेते. नेमक्या याच दिवसांत मीठ वाढते आणि भाजीतून मिळणारे पोटॅशियम घटते. मूग, चवळी, मटकी यांची कमी मिठाची उसळ हा त्यावर घरचाच मार्ग आहे. बाजारातील कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

गादीवर बसून दिवस जाणाऱ्यांसाठी शिवाजी पार्कचा कठडा किंवा गिरगाव चौपाटी दूर नाही. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भराभर चालावे. तंबाखूविषयी वेगळे काय सांगावे!

औषध आणि व्रत यांचा झगडा बराचसा टाळता येण्याजोगा आहे. चौविहार पाळणाऱ्या अनेकांची रात्रीची गोळी चुकते आणि ते कोणाला सांगितले जात नाही. ब्रिटनमध्ये २१,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाबाची औषधे सकाळी घ्या वा संध्याकाळी, हृदयविकार व पक्षाघात टाळण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. तेव्हा ‘सूर्यास्तानंतर मी काही घेत नाही’ एवढे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी बहुतेकांना नवकारशीनंतर घेता येते. जिलेटिनची अडचण वाटत असेल, तर कॅप्सूलऐवजी टिकिया मागावी. ॲम्लोडिपिन व टेल्मिसार्टन टिकियांतच मिळतात. रामिप्रिल दोन्ही रूपांत मिळते.

अठ्ठाई किंवा वर्षीतपाचे मात्र निराळे आहे. क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढविणारी गोळी चालू असताना, भाद्रपदाच्या दमट हवेत, पाण्याशिवाय उपवास केला तर दाब फार खाली जाऊन मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. येथे गोळी तशीच चालू ठेवणेही धोक्याचे आणि मनाने बंद करणेही धोक्याचे. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत. आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घेण्यासंबंधीचा आगारही त्यांत आहे. त्याविषयी गुरुमहाराजांना विचारण्यात संकोच कसला? ज्यांना पूर्वी पक्षाघात झाला आहे किंवा ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत, त्यांनी दीर्घ तपाऐवजी दुसरा नियम घ्यावा, असे डॉक्टर सांगतील. घरच्यांनी त्यावरून कमीपणा वाटू देऊ नये.

पर्युषण किंवा दशलक्षण पर्वापूर्वी दोन-तीन आठवडे डॉक्टरांना भेटावे आणि सोबत दाबाचा रोजमेळ न्यावा. घरचे यंत्र दंडावर पट्टा बांधणारे असावे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता पाच मिनिटे बसावे. सामायिकाच्या ४८ मिनिटांची सवय असलेल्यांना ती जड जाऊ नयेत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहावेत. घरच्या आकड्यांची सरासरी १३५ वर ८५ किंवा त्याहून अधिक येत असेल, तर ती वाढलेली समजावी. उपवासाच्या दिवसांतही हे मोजणे चालू ठेवावे. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा वरचा आकडा १०० च्या खाली गेला, तर पारण्याच्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.