पंतप्रधानांचं ब्रीफ

समजा, तुम्ही वकील आहात. वय पंचावन्न. गेल्या पाच-सहा वर्षांत तुम्ही सुप्रीम कोर्टात सरकारला तीनदा घाम फोडला आहे. बँकांचं राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांचे तनखे, घटनादुरुस्ती, सगळीकडे समोर उभे तुम्हीच. आणि एके दिवशी निरोप येतो की पंतप्रधानांची खुर्ची जायची वेळ आली आहे, त्यांची बाजू तुम्ही मांडाल का?

काय सांगाल?

हा प्रश्न मी बनवलेला नाही. जून १९७५ मध्ये तो मुंबईच्या नानी पालखीवालांपुढे आला होता. विचारणारा पक्ष होता इंदिरा गांधींचा. पालखीवाला ‘हो’ म्हणाले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी ते ब्रीफ परत केलं. लॉ करणाऱ्या किंवा करायचं मनात असलेल्या प्रत्येकाने हे ‘हो’ आणि ते परत करणं, दोन्ही नीट समजून घ्यायला हवं, असं मला वाटतं. नुसतं ‘थोर कायदेपंडित’ म्हणून हार घालून पुढे गेलो, तर यातलं काहीच हाती लागत नाही.

आधी माणूस कोण ते पाहू. जन्म १६ जानेवारी १९२०, मुंबईतला. आडनावावरून कळतंच, घराण्याचा जुना धंदा पालख्यांचा. घर साधं, मध्यमवर्गीय पारशी. आणि हा मुलगा लहानपणी चक्क तोतरा होता. पुढे ज्याच्या आवाजासाठी लोक स्टेडियमबाहेर रांगा लावणार, त्याला शाळेत सरळ वाक्य बोलायची मारामार. वक्तृत्वाचा सराव करून करून त्याने ते घालवलं.

सेंट झेवियर्समधून इंग्रजीत एम.ए. केलं. स्वप्न होतं प्रोफेसर व्हायचं. मुंबई विद्यापीठात लेक्चररच्या जागेसाठी अर्ज केला, पण ती जागा शिकवण्याचा अनुभव असलेल्या एका मुलीला मिळाली. तोवर बहुतेक कोर्सचे प्रवेश संपलेले. उरलं होतं ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. म्हणजे सीईटीच्या तिसऱ्या राउंडनंतर ‘जे मिळेल ते’ म्हणून लॉ घेणाऱ्या तुमच्या मित्रासारखीच गत. करिअर काउन्सेलिंगच्या पुस्तिकेत असली उदाहरणं कुणी छापत नाही.

१९४४ मध्ये वकिली सुरू झाली. सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये जागा मिळाली. मुंबई हायकोर्टातल्या चेंबरबद्दल इथे दोन शब्द सांगायला हवेत. वकिलीत डिग्री, मग सनद इथवर सगळ्यांचं सारखंच असतं. आज त्यात बार परीक्षेची भर पडली आहे, इतकंच. खरं शिक्षण सुरू होतं ते सीनियरच्या चेंबरमध्ये, त्यांच्या फायली वाहता वाहता. तिथे पहिली काही वर्षं पैसे जवळपास नसतात आणि कामाला अंत नसतो. पण कुणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसायला मिळालं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. कांगा हे मुंबईचे माजी ॲडव्होकेट जनरल. त्यांच्या चेंबरमधून पालखीवाला निघाले, एच. एम. सीरवई निघाले, फली नरिमन आणि सोली सोराबजीही. ही नावं लक्षात ठेवा, दोन पुन्हा येणार आहेत.

पालखीवालांनी विषय निवडला इन्कम टॅक्स. इतरांना जांभया आणणारा. १९५० मध्ये, तिशीत, कांगांबरोबर त्यांचं आयकर कायद्यावरचं जाडजूड पुस्तक आलं. त्यातलं बहुतेक काम ज्युनियरचंच आहे, हे कांगांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलं. (असे सीनियर मिळाले तर सोडू नका.) पुढे १९५८ पासून दरवर्षी केंद्रीय बजेटवर त्यांचं जाहीर भाषण होऊ लागलं. सुरुवात ग्रीन्स हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये झाली, आज ताजचा टॉवर उभा आहे तिथे. ऐकणारे वाढत वाढत गेले आणि शेवटी ब्रेबॉर्न स्टेडियम घ्यावं लागलं. हातात कागद नाही, आकडे तोंडपाठ. टॅक्सवरचं भाषण ऐकायला स्टेडियम भरतं, यावर आज विश्वास बसणार नाही.

मग आलं १९६८. तेव्हाचे कायदामंत्री गोविंद मेनन यांनी त्यांना भारताचे ॲटर्नी जनरल व्हा म्हणून गळ घातली. वकिलासाठी याच्या वर सरकारी पद नाही. बरीच मनधरणी झाल्यावर पालखीवाला तयार झाले. घोषणा दुसऱ्या दिवशी व्हायची होती. पहाटे तीनच्या सुमाराला त्यांना जाग आली आणि हे आपल्याकडून चुकलंय, असं लख्ख जाणवलं. सकाळी त्यांनी नकार कळवला. हा किस्सा त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. मला त्यातली गंमत अशी वाटते, की पुढच्या पाच वर्षांत ज्या केसेसमुळे आपण त्यांना ओळखतो, त्या सगळ्यांत ॲटर्नी जनरल म्हणून त्यांना बरोब्बर उलट्या बाजूला उभं राहावं लागलं असतं.

१९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने चौदा बँका ताब्यात घेतल्या. पालखीवालांनी आव्हान दिलं आणि फेब्रुवारी १९७० मध्ये कोर्टाने तो कायदा रद्द केला. त्याच वर्षी संस्थानिकांचे तनखे बंद करणारा राष्ट्रपतींचा आदेशही गेला. खरं सांगायचं तर या दोन्ही केसेसमध्ये त्यांचे अशील तुमच्या-माझ्यासारखे नव्हते. एकीकडे बँकेचे शेअरहोल्डर, दुसरीकडे राजेमहाराजे. गरिबांच्या बाजूचं सरकार आणि श्रीमंतांचा वकील, असं चित्र तेव्हा उभं राहिलं होतं, आणि ते अगदीच खोटं होतं असं म्हणवत नाही.

तिसरी केस मात्र वेगळी. केरळमधल्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती यांची. प्रश्न मठाच्या जमिनीपासून सुरू झाला आणि पोचला कुठे? तर संसद घटनेत वाट्टेल ते बदल करू शकते का, इथपर्यंत. तेरा न्यायाधीश, अडुसष्ट दिवस सुनावणी. केरळ सरकारच्या बाजूने उभे होते सीरवई, त्याच कांगांच्या चेंबरमधले. २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा असा निकाल आला. संसद घटना बदलू शकते, पण तिचा मूळ ढाचा मोडू शकत नाही. निवडणुका, न्यायालयं, कायद्याचं राज्य यांतलं नेमकं काय त्या ढाच्यात येतं, हे पुढे एकेका केसमधून ठरत गेलं. एका मताचा फरक! पॉलिटीच्या नोट्समध्ये तुम्ही जे ‘बेसिक स्ट्रक्चर’ पाठ करता, ते इतक्या थोडक्यात वाचलेलं आहे.

आता जून १९७५. बारा तारखेला अलाहाबाद हायकोर्टाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. याचिका होती त्यांच्याकडून हरलेल्या राजनारायण यांची, वकील शांती भूषण. प्रचारात सरकारी अधिकाऱ्याची मदत घेतली, सभांची व्यासपीठं आणि विजेची सोय सरकारी यंत्रणेने केली, हे गैरप्रकार सिद्ध झाले. सहा वर्षं निवडणूक लढवायला बंदी. अपिलासाठी वीस दिवसांची सवलत, एवढाच दिलासा.

सुप्रीम कोर्टाला उन्हाळी सुट्टी होती. सुट्टीतले न्यायाधीश होते व्ही. आर. कृष्ण अय्यर. त्यांनी नंतर सांगितलेली एक गोष्ट आहे. कायदामंत्री एच. आर. गोखले यांचा त्यांना फोन आला, भेटायचं होतं. हे गोखले स्वतः एकेकाळी मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश होते. अय्यर म्हणाले, भेटायची गरज नाही, अपील रजिस्ट्रीत दाखल करा. विषय संपला.

२३ जूनला पालखीवाला इंदिरा गांधींच्या वतीने उभे राहिले. मागणी होती संपूर्ण स्थगितीची. २४ तारखेला अय्यर यांनी अर्धी दिली. पंतप्रधान म्हणून राहा, लोकसभेत बसा, बोला, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही आणि मानधनही घेता येणार नाही.

इथे थांबून विचार करा. आपल्या आजच्या कमेंट-संस्कृतीत या माणसाचं काय झालं असतं? ‘काल विरोधात, आज पैसे घेऊन बाजूला’, ‘विकला गेला’. तेव्हाही नाकं मुरडली गेलीच. पण वकिलीचा नियम काय सांगतो ते बघा. आज बार कौन्सिलचे नियम म्हणतात की वकील ज्या कोर्टात काम करतो, तिथलं योग्य फी देणारं काम त्याने घ्यायलाच हवं. नकार द्यायचा तर तसं खास कारण हवं. स्टँडवरच्या पहिल्या टॅक्सीने समोर येईल ते भाडं घ्यावं, तसंच हे. अशील आवडतो का, त्याचं राजकारण पटतं का, हा प्रश्नच नाही. नाहीतर ज्याच्यावर सगळं गाव खवळलंय, त्याला वकील मिळणार कसा?

आणि वकिलाचं मत म्हणजे अशिलाचं मत नव्हे, याचा कडू अनुभव आपल्याच हायकोर्टात आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ मध्ये टिळक पुन्हा त्याच आरोपाखाली आले, तेव्हा न्यायाधीशाच्या खुर्चीत हेच दावर. त्यांनी जामीन नाकारला आणि सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली, जी टिळकांनी मंडालेत काढली. अकरा वर्षांपूर्वीचा ‘टिळकांचा वकील’ ही त्या माणसाची भूमिका होती, निष्ठा नव्हे. हे ऐकायला बरं वाटत नाही, मलाही वाटत नाही. पण धंदा असाच चालतो.

म्हणून पालखीवालांच्या ‘हो’मध्ये मला काही काळंबेरं दिसत नाही. खरा पेच त्याच्या पुढच्या दिवशी सुरू झाला.

२५ जूनच्या रात्री आणीबाणी लागू झाली. रातोरात धरपकड. जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई आत. आणि राजनारायणही आत. आलं का लक्षात? ज्या केसमध्ये पालखीवाला पंतप्रधानांचे वकील होते, त्या केसमधला समोरचा पक्षकारच आता तुरुंगात होता, आणि तोही आपल्याच अशिलाच्या सरकारने टाकलेला. अपिलाची सुनावणी अजून व्हायचीच होती.

पालखीवालांनी ब्रीफ परत केलं. कांगांच्याच चेंबरमधले फली नरिमन तेव्हा दिल्लीत ॲडिशनल सॉलिसिटर जनरल होते. आणीबाणी लागताच त्यांनीही राजीनामा दिला.

आता नियमाची दुसरी बाजू. एकदा घेतलेली केस मध्येच सोडणं हेही वकिलाला सहसा शोभत नाही. त्यासाठी पुरेसं कारण हवं, अशिलाला वेळेत कळवायला हवं, न केलेल्या कामाची फी परत द्यायला हवी. ‘अशिलाची बदनामी झाली’, ‘मला ट्रोल करतायत’ ही कारणं होत नाहीत. मग पालखीवालांचं कारण पुरेसं होतं का? मला वाटतं, होतं. त्यांनी कोर्टाला सांगितलं होतं की या बाईंचा प्रश्न कायद्याने सोडवा. अशिलाने तिसऱ्याच दिवशी कायद्याचं दारच लोटून घेतलं. शिवाय देशाच्या पंतप्रधानांना दुसरा वकील मिळणार नाही, अशी काही भीती नव्हती. मिळालाच. हाच अशील एखादा गरीब कैदी असता, तर माझं उत्तर कदाचित वेगळं असतं. तुमच्या कॉलेजात मूट कोर्टसाठी विषय शोधत असाल तर हा घ्या, दोन्ही बाजूंनी भांडता येतं.

पुढचा भाग एखाद्या वेब सीरिजसारखा आहे. ऑगस्टमध्ये ३९ वी घटनादुरुस्ती आली. पंतप्रधानांच्या निवडणुकीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही, अशी. निवडणूक कायदाही मागच्या तारखेपासून बदलला. ७ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. बदललेल्या कायद्यामुळे इंदिरा गांधींची निवडणूक वाचली, पण घटनादुरुस्तीतलं ते कलम मात्र उडालं. कशाच्या जोरावर? केशवानंद केसमधल्या मूळ ढाच्याच्या. पालखीवालांनी १९७३ साली जे मिळवून दिलं होतं, ते त्यांच्याच माजी अशिलाच्या आड आलं.

लगेच तीन दिवसांनी, १० नोव्हेंबरला, सरन्यायाधीश ए. एन. रे यांनी तेरा न्यायाधीशांचं खंडपीठ बसवलं. विषय, केशवानंदचा निकाल पुन्हा तपासायचा. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, विरोधक तुरुंगात. अशा दिवसांत पालखीवाला उभे राहिले आणि पहिलाच प्रश्न त्यांनी असा टाकला की हा फेरविचार मुळात मागितला कुणी? त्याचं नीट उत्तर कुणाकडेच निघेना. त्या खंडपीठावर न्या. एच. आर. खन्ना होते. त्या दिवसांतल्या वक्तृत्वाला सुप्रीम कोर्टात तोड नाही, असं त्यांचं मत पडलं. १२ नोव्हेंबरला सरन्यायाधीशांनी खंडपीठ बरखास्त केलं. लहानपणी तोतरं बोलणारा मुलगा एवढं बोलला होता.

१९७७ मध्ये जनता सरकारने पालखीवालांना राजदूत म्हणून वॉशिंग्टनला पाठवलं. १९७९ मध्ये ते परतले आणि पुन्हा कोर्टात उभे राहिले. या वेळी मिनर्व्हा मिल्सच्या केसमध्ये, आणीबाणीतल्या ४२ व्या घटनादुरुस्तीविरुद्ध. संसदेच्या घटनाबदलाच्या अधिकाराला मर्यादाच नाही, असं त्या दुरुस्तीत लिहिलं होतं. १९८० मध्ये कोर्टाने ते रद्द केलं. निकाल आला तेव्हा पंतप्रधानपदावर पुन्हा इंदिरा गांधीच होत्या.