परत आलेला ॲम्प

सकाळी ९.३०
ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला, लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांची शटरं अजून खाली आहेत. माझी खोली गल्लीत, जिना चढून वर. गिटारचे ॲम्प वर आणताना बँडवाल्या पोरांचा जीव निघतो. दारामागे एक फळी वेगळी ठेवली आहे, दुरुस्तीनंतर पुन्हा बिघडलेल्या मालाची. नवं काम दोन दिवस थांबतं, हे थांबवायचं नाही.

आज फळीवर ५० वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प आहे, ईएल३४ची जोडी असलेला. दुसरीकडे दोनदा दुरुस्त झालेला. दोन्ही वेळा फ्यूज उडाला, व्हॉल्व्ह बदलले, महिनाभर वाजला आणि ऐन कार्यक्रमात बंद पडला.

१०.००
मीटरला हात लावायच्या आधी मालकाला फोन.

"काका, ट्यूब्ज खराब निघाल्या असतील. दुसऱ्या टाका ना."

"ते नंतर. सुरू केल्यावर किती वेळाने गेला?"

"चारपाच गाणी झाली होती. आधी आवाज फाटायला लागला, मग बंदच."

म्हणजे तापल्यावर. निम्मं काम या उत्तराने झालं. स्पीकरला कुठली वायर लावतोस विचारलं, तर गिटारचीच. ती आतून बारीक असते, तापते, तुटते. आणि स्पीकर सुटलेला व्हॉल्व्ह ॲम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळायची भीती. आजचं दुखणं ते नाही, पण वायर बदलायला सांगितली.

१०.४५
मागचं पॅनल उघडलं. फ्यूजच्या जागी कोणीतरी १० अँपियरचा बसवलाय. वारंवार उडतो म्हणून मोठा टाकायचा, ही आपल्याकडची आवडती दुरुस्ती! त्याने बिघाड जात नाही, फक्त फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जातो.

बंद ॲम्पमध्येही मोठ्या कंडेन्सरांत चारशेवर व्होल्ट साठलेले असू शकतात. ते रेझिस्टर लावून उतरवले, मीटरने शून्य पाहिलं, मगच आत हात. नंतर व्हॉल्व्ह काढून ॲम्प सिरीज बल्बवर, म्हणजे मेन्सच्या वाटेत बल्ब जोडून, चालू केला. बल्ब जुना फिलामेंटचाच हवा. तापला की त्याचा रोध वाढतो आणि करंट आवरला जातो. बल्ब क्षणभर पेटून मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नाही.

१२.००
व्हॉल्व्ह बसवून बायस, म्हणजे सूर नसताना प्रत्येक व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट, मोजला. ईएल३४ची प्लेट २५ वॅट सोसते, त्याच्या ७० टक्क्यांवर थांबायचं. प्लेटवर ४५० व्होल्ट, म्हणजे हिशेबाने ३९ मिलिअँपियरपर्यंत चालेल. मीटर दाखवतो ३६ आणि ३७. छान. आधीचे मेकॅनिक इथेच थांबले असणार: आकडा बरोबर, झाकण बंद, पैसे द्या.

झाकण मी पण लावतो, पण चालू ठेवून. उघड्या चासीला वारा लागतो. स्टेजवर ॲम्प पेटीत कोंडलेला असतो. तो ज्या हालात बिघडतो, तेच हाल टेबलावर करायचे. स्पीकरच्या जागी ८ ओहमचा जाड रेझिस्टर जोडला, मीटरच्या वायरी बाहेर काढल्या, सूर सोडला आणि डबा उघडला.

१.३०
भाजी संपल्यावर सूर थांबवून पाहिलं, तर एक व्हॉल्व्ह ३७ वरून ५०च्या पुढे. थोड्या वेळाने ७०, प्लेटवर लाली. बंद केला. गार झाल्यावर दोन्ही व्हॉल्व्हच्या जागा बदलून पुन्हा तापवला. लाल झाला तो त्याच सॉकेटमधला, आता दुसरा. व्हॉल्व्ह निर्दोष.

२.४५
व्हॉल्व्ह काढून दोन्ही सॉकेटच्या पाच नंबर पिनवर, म्हणजे ग्रिडवर, करंटला आवरणारं उणे बायस व्होल्टेज पाहिलं. एकीकडे उणे ३८, ठाम. दुसरीकडेही तेवढंच, पण हेअर ड्रायरचा झोत मारला तसं उणे ३१पर्यंत घसरलं. झोत आखडत आणला आणि चोर सापडला: ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर. अलीकडच्या बाजूचे दोन-अडीचशे डीसी व्होल्ट अडवून फक्त सूर पुढे सोडायचा, एवढंच त्याचं काम. गरम झाला की तो गळतो. गळती ३० मायक्रोअँपियरची, पण २२० किलोओहमच्या बायस रेझिस्टरवर तिचे साडेसहा व्होल्ट होतात. तेवढा बायस कमी झाला की व्हॉल्व्ह मोकाट सुटतो. गार कंडेन्सर साध्या मीटरवर तपासा, काही दिसणार नाही.

४.००
खाली उतरून ६३० व्होल्टचे दोन कंडेन्सर आणले. एक गेला की त्याचा जोडीदारही बदलायचा. त्या बाजूचा स्क्रीन रेझिस्टरही भाजला होता, तो नवा टाकला. फ्यूज मागे छापलेल्या मापाचा. पुन्हा पेटीत, पुन्हा ताप.

तोवर फळीवरचा एक छोटा ट्रान्झिस्टर ॲम्प. जॅक हलवला की खरखर. डाग नव्याने दिला की महिन्याने पुन्हा तडकतो, कारण नट ढिला असतो आणि प्लग ओढला की सगळा जोर बोर्डावर येतो. आधी नट घट्ट, मग डाग.

७.००
मोठ्या ॲम्पवर ३६ आणि ३७, दुपारपासून हललेले नाहीत. मालक आला.

"ट्यूब्ज बदलल्याच नाहीत? मग पैसे कसले, काका?"

"न बदलण्याचेच."

हसला. लाल झालेल्या व्हॉल्व्हचं आयुष्य घटलंय, पुढेमागे जोडी घ्यावी लागेल, हेही सांगितलं. बायसचे आकडे आणि तारीख चिठ्ठीवर लिहून आत चिकटवली. पुढचा मेकॅनिक कोणीही असो, त्याला उपयोग होईल.

तुमचा ॲम्प दुसऱ्यांदा बिघडला तर नुसता ॲम्प आणू नका. ज्या वायरने वाजवता ती, मागच्या वेळी काढलेले पार्ट, आणि तो सुरू केल्यावर किती वेळाने बंद पडला ही माहिती सोबत आणा.