धार-देवासचे तांबे : टांकसाळीची चूक आणि नंतरची इजा

ऑनलाइन बाजारात धार किंवा देवास संस्थानचे नाणे शोधले, की ‘एरर’, ‘दुर्मिळ’ अशी बिरुदे लावलेले तांबे हमखास समोर येते. त्यातले बरेचसे टांकसाळीत चुकलेले नसते. नंतर कुणीतरी ठोकलेले, घासलेले किंवा आम्लात बुडवलेले असते. हा फरक शिकायला पवारांच्या या दोन संस्थानांची नाणी मला फार मोलाची वाटतात. नाणे पाडण्याची रीत इथे मध्येच पालटली, आणि रीत ठाऊक असल्याशिवाय चूक ओळखता येत नाही.

धारचे जुने पैसे हाताने पाडलेले. तांब्याचा तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. ठसा तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे मजकूर अर्धामुर्धाच उमटे. सरकलेली छाप, चिरलेली कडा, वेडावाकडा घेर हे त्या पैशाचे नेहमीचेच रूप. त्यालाच ‘ऑफ-सेंटर एरर’ म्हणून दुप्पट भाव सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग १८७६ चा नेटिव्ह कॉइनेज कायदा आला. संस्थानाने आपली टांकसाळ किमान ३० वर्षे बंद ठेवायची. त्या बदल्यात संस्थानाच्या नावाची नाणी सरकारी टांकसाळीत, ब्रिटिश नाण्यांच्याच धातूची आणि वजनाची पाडून मिळायची. अलवर, बिकानेर, धार आणि देवास यांनी ही वाट धरली. धारचा पाव आणा, अर्धा पैसा आणि पै १८८७ ची. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे पाव आणे आणि पया १८८८ च्या. एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा, दुसरीकडे संस्थानाचे नाव. देवासच्या नाण्यावर पाती ओळखण्यापुरती ‘एस. बी.’ किंवा ‘जे. बी.’ ही इंग्रजी अक्षरे. यंत्रावर पाडलेल्या या नाण्यांचा घेर आणि वजन ठरलेले असल्यामुळे इथे चूक खरोखर चूक ठरते.

पाव आण्याचे वजन सुमारे ६.४७ ग्रॅम, अर्ध्या पैशाचे ३.२३, पैचे २.१६. विक्रेत्याकडे पहिली मागणी वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याच्या फोटोची करावी. चकती नीट न बसता ठसा पडला, तर छाप सरकते, एका बाजूला कोरी चंद्रकोर उरते, पण तांबे कुठे जात नाही. वजन पूर्ण भरते. बाजू कानशीने घासून तसा भास निर्माण केला असेल, तर काटा लगेच सांगतो. आम्लात टाकलेले नाणेही हलके होते. ते सगळीकडून सारखेच बारीक होते आणि अक्षरे पातळ, खरबरीत दिसतात. मात्र दीर्घ वापराने झिजलेले नाणेही थोडे हलके भरते, हे विसरून चालणार नाही.

काट्याला न कळणारी लबाडीही असते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याची उलटी, खोलगट छाप उमटते. असे नाणे संग्राहकाला हवेसे वाटते, म्हणून दोन नाणी शिकंजात दाबून त्याची नक्कल केली जाते. नकलेत उलट्या छापेखाली मूळ अक्षरांचे अवशेष राहतात आणि पाठीमागची नक्षी चेपते. अस्सल नाण्यात उलटी छाप स्वच्छ असते, पाठही नीट उमटलेली असते.

देवासच्या नाण्यावर एखादे अक्षर गायब असेल, तर फार सावधपणे पाहावे. ठशाच्या खाचेत वंगण-कचरा साचला तर तिथे तांबे वर चढतच नाही. अक्षर अंधुक होते, पण भोवतालचा पृष्ठभाग अखंड राहतो. खरवडलेल्या जागी रेघा, खळगा किंवा वेगळी चमक सापडते. तिरप्या उजेडातला फोटो म्हणूनच लागतो. तांबे चिंच-मिठाने लख्ख केलेले असेल, तर हे पुरावेही धुतले जातात. असे नाणे मी घेत नाही.

भोक पाडलेल्या नाण्याचे तसे नाही. माळेत ओवण्यासाठी बाईने सोनाराकडून पाडून घेतलेले भोक ही त्या नाण्याची हकिगत आहे. विक्रेता ते ‘भोकाचे’ म्हणून कमी भावात देत असेल तर आनंदाने घ्यावे. टांकसाळीची करामत म्हणून विकत असेल तर सोडून द्यावे.

अधिक खोलात जायचे तर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा १९८९ चा मराठा टांकसाळी व नाण्यांवरचा ग्रंथ आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था हे दोन चांगले आधार आहेत.

विकतानाही जपायचे असते. १८८७-८८ च्या या नाण्यांना शंभरहून अधिक वर्षे झाली असल्याने १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशातला ग्राहक कितीही भाव देवो. आणि तुमचे नाणे लाखोंना विकून देतो, आधी शुल्क किंवा कर भरा, असे रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी सांगू लागला, तर एक रुपयाही पाठवू नका. असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि असे शुल्क आपण घेत नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे.