एकाच घरात आतड्याचा आणि गर्भपिशवीचा कॅन्सर का?

गटाच्या वहीतले आकडे सचिवताई प्रत्येकीच्या पासबुकात उतरवते. एखादी चूक होतेच, म्हणून दुसरी ताई पडताळून बघते. शरीरातही तसंच चालतं. नवी पेशी तयार होताना डीएनए नावाची वही पुन्हा उतरवली जाते आणि काही जनुकं त्यातल्या चुका दुरुस्त करतात.

ही जनुकं जोडीनं येतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक जन्मतः बिघडलेलं असलं तरी दुसरं काम निभावून नेतं. मात्र पुढे एखाद्या पेशीत तेही बिघडलं, की चुका साचत जातात आणि कॅन्सर होऊ शकतो. या आनुवंशिक दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. यात मोठं आतडं आणि गर्भपिशवी यांना जास्त धोका असतो, अंडाशय आणि जठरालाही असतो. तंबाखूला हातही न लावणाऱ्या बाईला हा आजार होतो तो असा.

1895 साली अमेरिकेत शिवणकाम करणारी एक बाई डॉ. वॉर्थिन यांना म्हणाली, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भपिशवीच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. डॉक्टरांनी तिच्या घराण्याची नोंद ठेवली. ती खरोखर गर्भपिशवीच्या कॅन्सरनंच गेली. या दोषाची जनुकं सापडू लागली ती थेट 1993 मध्ये! बाईनं घरातली माणसं मोजून जे ओळखलं, ते शास्त्राला कळायला शंभर वर्षं लागली.

आपल्याकडे अशा घराला शाप आहे म्हणतात आणि पोरींची लग्नं मोडतील म्हणून आजार लपवतात. आम्हाला हे लपवणंच जास्त घातक वाटतं. त्यातून सासरी आलेल्या बाईच्या केसपेपरवर माहेरचे आजार येतच नाहीत. दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्या आणि चुलतेही मोजायचे.

बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात, उगाच घाबरू नका. पण एकाच बाजूच्या दोघा-तिघांना असे कॅन्सर झाले असतील, त्यातही कुणाला पन्नाशीच्या आत, तर डॉक्टरांना सांगा. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात आनुवंशिक कॅन्सरचा सल्ला मिळतो. शक्यतो ज्याला आजार झाला त्याचं रक्त आधी तपासतात. दोष निघाला तर त्याच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. ज्यांना मिळाला त्यांची साधारण पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करतात. कोंब दिसला तर कॅन्सर होण्याआधीच काढता येतो. शौचातून रक्त गेलं की मूळव्याध समजून झाडपाला घेत बसू नका, आणि पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

भाऊबीजेला माहेरी गेलात की आत्याजवळ बसा आणि वहीत लिहून घ्या: कुणाला, कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी.