वेस्पा आणि लॅम्ब्रेटा: दीडशे सीसीच्या दोन घडणी

बजाजची वेस्पा १५० आणि एपीआयची लॅम्ब्रेटा १५० यांच्या पिस्टनचा व्यास सारखाच, ५७ मिलिमीटर. पिस्टनची धाव वेस्पात ५७ मिलिमीटर, लॅम्ब्रेटात ५८. त्यामुळे पहिलीचे इंजिन १४५ सीसीचे आणि दुसरीचे १४८ सीसीचे होते. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्हींचे गिअर डाव्या मुठीत आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. १९६० आणि १९७०च्या दशकांत अमरावती-अकोल्यातले मास्तर, वकील, डॉक्टर सायकल सोडून स्कूटरकडे वळू लागले तेव्हा त्यांच्यापुढे मुख्यतः याच दोन गाड्या होत्या. कागदावर त्यांत फरक तीन सीसीचा. खरा फरक होता तो इंजिन कुठे बसवले आहे यात, आणि वऱ्हाडच्या रस्त्यावर तो रोज जाणवत असे.

हा फरक दोन्ही कारखान्यांच्या मूळ धंद्यातून आला. इटलीतली पियाज्जो ही विमाने बनवणारी कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांचे काम थांबले आणि तिथले विमान-अभियंते कोराडिनो दास्कानिओ यांनी १९४६ साली वेस्पा आखली. विमानाच्या अंगासारखीच ही गाडी पत्र्याची: आत वेगळा सांगाडा नाही, दाबून वळवलेला पत्राच सगळा भार पेलतो. पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले असते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे चाक मिळून एकच गठ्ठा, आणि तो उजव्या अंगाला. गिअरबॉक्सचा दांडा थेट चाकात जातो, मध्ये साखळी नाही. मिलानचे फेर्दिनांदो इन्नोचेंती यांचा धंदा पोलादी नळ्यांचा. त्यांच्या लॅम्ब्रेटाला (१९४७) साहजिकच नळीचा सांगाडा मिळाला. पुढच्या मॉडेलांत त्यावर पत्र्याची झाकणे आणि मधोमध, सिलिंडर पुढे करून आडवे ठेवलेले इंजिन. तिथून मागच्या चाकापर्यंत ताकद पोचवायला तेलात बुडालेली बंद साखळी.

दोन्ही गाड्या भारतात आल्या त्या महाराष्ट्रातूनच. लॅम्ब्रेटा मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने, म्हणजे एपीआयने, १९५०च्या दशकात जुळवायला सुरुवात केली. वेस्पाची वाट मात्र वऱ्हाडच्या शेजारघरातून गेलेली आहे. वर्ध्याचे सेठ बच्छराज हे जमनालाल बजाज यांचे दत्तक आजोबा. त्यांच्या नावाने १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली, तिने आधी स्कूटर आयात केल्या आणि तीच पुढे बजाज ऑटो झाली. उत्पादनाचा परवाना १९५९ साली मिळाला आणि पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून वेस्पा बाहेर पडू लागल्या.

चालवायला लॅम्ब्रेटा सरस होती, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. वजन मधोमध, गाडी लांब, चाके दहा इंची. सुरुवातीच्या वेस्पाची चाके आठ इंची. डांबर उखडलेल्या रस्त्यावर हे दोन इंच फार मोठे ठरतात, कारण जो खड्डा मोठे चाक ओलांडून जाते त्यात लहान चाक उतरते. पुढे एक मूल उभे, मागे बायको आणि तिच्या मांडीवर दुसरे मूल, अशी भरलेली लॅम्ब्रेटा सरळ चालत असे. वेस्पाच्या स्वाराला उजवीकडच्या ओढीची सवय करून घ्यावी लागे. महिनाभरात ती हातात मुरते, पण पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाऱ्यावर चाक सरकले की नवख्याला ती पुन्हा आठवते.

घरात ठेवायला मात्र वेस्पा सोपी. तिचे इंजिन काढायचे तर मुख्य लांब बोल्ट आणि शॉकअपचा बोल्ट सोडायचा, तारा मोकळ्या करायच्या, की चाकासकट सगळा गठ्ठा बाहेर. दोन्ही चाके बाजूने सुटतात आणि स्टेपनी पुढे-मागे कुठेही चालते. लॅम्ब्रेटाचे पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरलेले, म्हणून पंक्चर झाल्यावर त्याचा आसच सोडवावा लागे. मूर्तिजापूर आणि बोरगाव मंजू यांच्यामध्ये, मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी, जवळ एक पाना आणि डोक्याला ओला रुमाल असताना या फरकाचे मोल कळते. तालुक्याच्या मिस्त्रीलाही वेस्पा लवकर हाताखाली आली आणि सुटे भाग तिचेच सहज मिळू लागले. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्याने गाडीपेक्षा मिस्त्री आधी पाहावा, हा हिशेब इथे शहाणपणाचाच होता.

उन्हाचा आणि घाटाचा त्रास दोघींना सारखा. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. वेस्पाला लिटरमागे २० मिलिलिटर तेल, लॅम्ब्रेटाला त्याहून जास्त. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर प्लगवर काजळी धरते. म्हणून डिक्कीत जादा प्लग, प्लगपाना आणि काचपेपरचा तुकडा कायम असे. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना नवा स्वार एक चूक हमखास करतो: गाडी गिअरमध्ये ठेवून मूठ पूर्ण बंद. इंजिन तर जोरात फिरत असते, पण पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. जाणता स्वार उताराला दर थोड्या वेळाने मूठ किंचित पिळतो; वेगासाठी नव्हे, पिस्टनला तेलाचा घोट मिळावा म्हणून.

एवढे असूनही निवड बहुतेकांच्या हाती नव्हतीच. कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे. बजाजसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, काही काळ तर दहा वर्षांपर्यंत. ज्याचा नंबर लागला त्याने नवी गाडी विकायला काढली तरी तिला कोऱ्या किमतीहून जास्त पैसे येत. म्हणून अनेक घरांत जी आधी मिळाली तीच आवडती झाली.

पियाज्जोशी असलेला करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली बजाजने चेतक आणली. अंग वेस्पाचेच, पण चाके दहा इंची. लॅम्ब्रेटाचा मोठा गुण असा पलीकडे गेला. त्याच सुमारास इटलीत लॅम्ब्रेटा बंद पडली. तिची यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेऊन लखनौला स्कूटर्स इंडिया काढली. तिची विजय सुपर आणि एपीआयची लॅम्बी यांनी ती घडण पुढे काही वर्षे चालवली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया बजाजच्या बाजूची. पुढे २००१च्या सुमारास बिनगिअरची होंडा अ‍ॅक्टिव्हा रस्त्यावर आली आणि मुठीतला गिअरच मागे पडला. २०२० साली चेतक परतली ती विजेवर, फक्त नावाने जुनी.

जुन्या गाड्या अजून हातोहात फिरतात, आणि त्या पारखण्याची रीतही घडणीप्रमाणे वेगळी. लॅम्ब्रेटाचे झाकण गंजले तर बदलता येते, सांगाडा शाबूत राहतो. वेस्पाचा पत्रा हाच सांगाडा असल्याने तो कुजला की गाडीच कुजली, आणि ओली काळी माती पायाखालच्या रबराखाली अडकून नेमका तिथेच पत्रा खाते. म्हणून जाणकार गिऱ्हाईक वेस्पा घेताना आधी ते रबर उचलून पत्र्यावर टकटक करून पाहते, आणि लॅम्ब्रेटा घेताना दहा पावले मागे जाऊन दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते बघते.