रस्त्यावरच्या गाडीसाठी कॅमशाफ्टची निवड

इंजिनची शक्ती वाढवायची म्हटले की पहिला मोह होतो तो मोठ्या कॅमचा. क्रँकशाफ्ट जितके अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो, त्याला ड्युरेशन म्हणतात. ते वाढवले की, पिस्टन बीडीसीवरून वर येऊ लागल्यावरही इनटेक व्हॉल्व्ह बराच काळ उघडा राहतो. जास्त आरपीएमला आत धावणारी हवा स्वतःच्या वेगामुळे सिलेंडर भरत राहते, म्हणून हे फायद्याचे. कमी आरपीएमला मात्र तीच हवा पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो.

नुकसान किती? शेव्हरोलेचे ३५० घनइंची व्ही-८ इंजिन घेऊ. ते १९६७ मध्ये कॅमारोत प्रथम आले. स्ट्रोक ८८.४ मिमी, कनेक्टिंग रॉड १४४.८ मिमी. कॉम्प्रेशन रेशो ९.५ धरू. इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीनंतर ६०° ला बंद झाला, तर दाब देण्यासाठी ७१.४ मिमी स्ट्रोक उरतो आणि परिणामी रेशो ७.९ येतो. ७५° ला बंद झाला, तर उरतात ६२.१ मिमी आणि रेशो फक्त ७.०. स्लायडर-क्रँकच्या सूत्राने हे स्वतः पडताळून पाहा. असा कॅम बसवलेली गाडी सिग्नलवरून निघताना मूळ गाडीपेक्षाही मंद वाटू शकते.

दुसरा मुद्दा ओव्हरलॅपचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा. तो वाढला की आयडलिंग खडबडीत होते आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटतो. ब्रेक बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. रस्त्यावरच्या गाडीत चार-दोन हॉर्सपॉवरपेक्षा मला हे महत्त्वाचे वाटते. म्हणून गाडीचे वजन, गिअर रेशो आणि नेहमीचे आरपीएम आधी लिहून काढा. कॅमचा कॅटलॉग त्यानंतर उघडा.

कॅम ठरला की बाकीचे भाग त्याच्याशी जुळवावे लागतात. या इंजिनात रॉकर रेशो १.५ आहे; लोबची लिफ्ट ७.६ मिमी असेल, तर व्हॉल्व्ह ११.४ मिमी उघडतो. त्या स्थितीत स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, साधारण १.५ मिमी वाव ठेवतात. स्प्रिंग नरम पडली तर जास्त आरपीएमला टॅपेट लोबला सोडतो. फार कडक घेतली, तर सपाट टॅपेट असलेल्या कॅमचे लोब झिजतात. कॅम बनवणाऱ्याने सुचवलेलीच स्प्रिंग घ्यावी, हे बरे.

शेवटी पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांतले अंतर पिस्टनवर क्ले लावून मोजा. इनटेकला साधारण २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी हवे. सर्वांत कमी अंतर नेमके टीडीसीला नसते: एक्झॉस्टचे त्याच्या सुमारे १०° आधी, इनटेकचे तितकेच नंतर. त्यामुळे क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा.