बंदूक वारसाकडे येते, परवाना येत नाही

वारस आणि वारसा : लेखांक ११

समजा, देवगडकडचं एक घर आहे. आंब्याची कलमं, मागे माडांची बाग, आणि वानरांचा नि रानडुकरांचा उच्छाद. म्हणून तात्यांनी कधी काळी शेतीसंरक्षणाचा परवाना काढून एक ठासणीची बंदूक घेतली होती. तात्या गेले. मृत्युपत्र केलेलं नाही. मागे आई, गावात राहणारा थोरला, डोंबिवलीत स्थायिक झालेला धाकटा आणि कुडाळला दिलेली मुलगी. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. चार महिन्यांनी माळा आवरताना कोणाच्या तरी लक्षात आलं, की बंदूक अजून घरातच आहे. सगळ्यांचं एकमत झालं, ‘आपल्याच तात्यांची आहे, असू दे की!’

हे ‘असू दे की’ महागात पडतं. आतापर्यंत आपण जमीन, सदनिका, ठेवी पाहिल्या. तिथे वारसांनी चालढकल केली तर पैसे अडकतात, हेलपाटे वाढतात. गुन्हा मात्र होत नाही. बंदुकीच्या बाबतीत होतो.

कारण इथे वस्तू एक असली तरी हक्क दोन आहेत. बंदूक ही तात्यांची जंगम मालमत्ता. घरातल्या कपाटासारखी तीही वारसांकडे येते. परवाना ही मात्र सरकारने तात्या नावाच्या माणसाला, त्याची चौकशी करून दिलेली व्यक्तिगत परवानगी. ती त्यांच्याबरोबर संपते. म्हणजे तात्या गेल्यापासून त्या घरात बंदुकीचे मालक चार आहेत आणि ती जवळ बाळगण्याचा अधिकार असलेला एकही नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम २१ प्रमाणे अशी बंदूक आणि तिचा दारूगोळा विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावा लागतो. अंत्यसंस्काराच्या दिवशीच ठाणं गाठा, असा याचा अर्थ नाही. पण चार महिन्यांचं समर्थन करणं अवघड आहे. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दंड, अशी आहे.

कोकणात जमा करण्याची वाट तशी ओळखीची असते. निवडणूक लागली की ठाण्याची नोटीस येते आणि गावोगावच्या बंदुका तिकडे जातात. पण तेव्हा नेणारा परवानाधारक असतो, आता तो नाही. म्हणून बंदूक गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवरून नेऊ नका. आधी ठाण्यात फोन करा, लेखी अर्ज द्या, सोबत मृत्यूचा दाखला आणि परवान्याचं पुस्तक जोडा, आणि बंदूक कशी आणायची ते त्यांनाच विचारा. ठासणीच्या बंदुकीत जुना बार भरलेला राहून गेलेला असू शकतो. तो काढायच्या फंदात घरच्यांनी पडू नये. तसं पोलिसांना आधीच सांगावं. बंदुकीचं वर्णन, क्रमांक आणि दारूगोळ्याचा तपशील लिहिलेली पोच मात्र जरूर घ्यावी. जमा केली म्हणजे सरकारजमा झाली, ही भीती निराधार आहे. विहित मुदतीत वारस ती विकून पैसे घेऊ शकतात किंवा परवाना मिळवून परत नेऊ शकतात. मुदत घालवली तर मात्र ती सरकारजमा होते.

आता मालकीकडे वळू. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ लागू असेल तर विधवा पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी यांचे चार समान हिस्से. तात्यांची आई हयात असती तर पाचवा तिचा. मुस्लिम कुटुंबात हिस्से वेगळे पडतात. बांद्याच्या पलीकडे गोव्यात तर वारसाचा कायदाच निराळा. तिथे मयताच्या हिश्शाची वाटणी होण्याआधी हयात जोडीदाराचा निम्मा वाटा सहसा बाजूला निघतो. बंदुकीचे तुकडे होत नाहीत, त्यामुळे एकाने अर्ज करायचा आणि बाकीच्यांनी हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, हा सरळ मार्ग. यात कुडाळच्या बहिणीला विचारायचं हमखास राहून जातं. ‘तिला बंदूक काय करायची?’ असं म्हणणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं, की तिचा हिस्सा धाकट्याइतकाच आहे, आणि धाकट्यालाही डोंबिवलीत बंदूक काय करायची आहे?

वारस असल्याचा पुरावा म्हणून अनेकजण भलताच कागद घेऊन जातात. सातबाऱ्यावरची वारसनोंद जमिनीपुरती असते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ खालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी असतं, बंदुकीसाठी नव्हे. कार्यालयाने न्यायालयाचा वारस दाखला मागितलाच, तर तो आपल्याकडे आजही मुंबई विनियम ८, सन १८२७ या कंपनी सरकारच्या काळातल्या नियमाखाली दिवाणी न्यायालयातून मिळतो. वारसांमध्ये वाद नसेल तर एवढ्या लांब जाण्याआधी कोणता कागद चालेल ते शस्त्र परवाना शाखेत विचारून घ्यावं.

आणि मग परवाना. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ सांगतो, की परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना देता येईल. ‘देता येईल’, ‘द्यावाच लागेल’ नव्हे. वारसाचं वय २१ पूर्ण हवं. पोलीस चौकशी, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण यांतून तोही सुटत नाही. त्याच्याकडे आधीच दोन बंदुका असतील तर तिसरी वारशानेही ठेवता येत नाही. थोरल्याने अर्ज केला तर तो सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल आणि शेती तोच करतो हे दाखवणं त्याला सोपं आहे. धाकट्याने केला तर ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे, आणि तिथे पहिला प्रश्न येईल, कोणतं पीक राखायचं आहे? माझ्या मते अर्ज थोरल्यानेच करावा. तोही खरोखर बाग राखत असेल तरच, नाहीतर विकून पैसे चौघांत वाटावेत. (परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. रानडुक्कर समोर आलं तरी वन्यजीव संरक्षण कायदा आड येतोच.)

काही घरांत बंदूक केवळ भिंतीवरची शोभा असते. जुन्या घडणीचं किंवा मोडकं शस्त्र दुरुस्त करूनही बार काढण्याजोगं उरलेलं नसेल, तर कलम ४५ त्याला या कायद्यातून सूट देतं. ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द महत्त्वाचे. घोडा गंजलाय म्हणून ती बंदूक राहिली नाही, असं घरच्यांनी परस्पर ठरवू नये.

याच नियम २५ मध्ये आणखी एक सोय आहे. परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, यांतलं जे आधी घडेल तेव्हापासून तो हयातीतच आपल्या पसंतीच्या कायदेशीर वारसाच्या नावे परवाना देण्याची मागणी करू शकतो. तुमच्या घरातले तात्या त्या वयाचे असतील, तर हा अंक त्यांना वाचायला द्या आणि त्यांना घेऊन शस्त्र परवाना शाखेत जाऊन या.